आर्लनच्या बोळात : ‘किंग ऑफ द हिल’ आणि छोट्या गावाचं हसणं



विषय जाहीर झाल्यावर आमच्याकडे दोन प्रश्न आले. पहिला, व्याख्यानमालेत कार्टूनवर बोलणार का? बोलणार. दुसरा प्रश्न जास्त चांगला होता : टेक्सासमध्ये गॅसच्या टाक्या विकणाऱ्या एका माणसाच्या गोष्टीत आपल्याला काय रस असावा? त्याला उत्तर द्यायचा आजचा सगळा प्रयत्न आहे, तेव्हा ते एका वाक्यात मागू नका.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. ‘किंग ऑफ द हिल’ ही ॲनिमेशन मालिका अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर १२ जानेवारी १९९७ला सुरू झाली. तेरा पर्वं चालली, २५९ भाग झाले. निरोपाचा भाग सप्टेंबर २००९मध्ये दाखवला गेला. निर्माते दोघे, माईक जज आणि ग्रेग डॅनियल्स. जज यांचं नाव त्याआधी ‘बीव्हिस अँड बटहेड’मुळे झालेलं होतं, डॅनियल्स ‘सिम्पसन्स’च्या लेखकांमधले, आणि पुढे त्यांनी ‘द ऑफिस’ची अमेरिकी आवृत्ती उभी केली. गावाचं नाव आर्लन. टेक्सासच्या नकाशावर ते सापडणार नाही, पण जज स्वतः डॅलसजवळच्या गारलँड-रिचर्डसन पट्ट्यात राहिलेले आहेत आणि आर्लन त्या वस्त्यांवरून बेतलेलं आहे. तुम्ही म्हणाल, मग ते उपनगर झालं, गाव कुठलं? भूगोलाच्या हिशेबात बरोबर आहे. पण तिथली माणसं ज्या पद्धतीने एकमेकांच्या अंगणात डोकावतात, ती पद्धत गावाचीच आहे.

नायक हँक हिल. स्ट्रिकलंड प्रोपेन नावाच्या दुकानात असिस्टंट मॅनेजर. प्रोपेन म्हणजे काही परकी वस्तू नव्हे, आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमध्येही ब्युटेनच्या जोडीला तोच असतो. हँकची प्रोपेनवर श्रद्धा आहे. कोळशावर मांस भाजणारा माणूस त्याला चारित्र्याने जरा सैल वाटतो. बायको पेगी, शाळेत बदली शिक्षिका, स्पॅनिश शिकवते आणि तिची स्पॅनिश भयंकर आहे. मुलगा बॉबी, गोलमटोल. त्याला खेळात रस नाही, विनोदी नट व्हायचंय. घरात भाची लुआन. शेजारी तीन मित्र : झुरळं-वाळवी मारण्याचा धंदा करणारा डेल, लष्करात न्हाव्याचं काम करणारा बिल, आणि बूमहाऊर, ज्याचं बोलणं आपल्याला कधीच नीट कळत नाही.

आता शीर्षकचित्रण बघा. घरांच्या मागच्या बोळात कुंपणाला लागून चार माणसं बिअरचे कॅन हातात घेऊन उभी आहेत. भोवतालचं जग फास्ट फॉरवर्ड केल्यासारखं पळतंय. बायकापोरं, गाड्या, घरातली कामं, सगळं झपाझप होतंय. हे चौघे जागचे हलत नाहीत. अर्ध्या मिनिटाचा हा प्रकार आहे, पण आम्हाला तो सबंध मालिकेचा नकाशा वाटतो. सगळं पळत असताना काही माणसं उभी राहतात, आणि बघण्यासारखं जे आहे ते तिथे आहे. नंतरच्या कितीतरी भागांत हा बोळ येतो. चौघे उभे. एक जण हुंकार देतो, मग दुसरा, तिसरा, चौथा. झाला संवाद.

आणि इथेच या मालिकेवरचा सगळ्यात जुना आक्षेप उभा राहतो. तो असा की, अहो, हे कार्टून कशाला? ॲनिमेशनमध्ये माणूस कड्यावरून पडून पुन्हा उठतो, उंदीर बोलतो, डोळे खोबणीतून बाहेर येतात. यातलं काहीच इथे नाही. हँकच्या कपाळाला आठी पडते, यापलीकडे त्याचा चेहरा फारसा बदलत नाही. माणसांची शरीरं ताणत नाहीत, कॅमेरा साध्या सिनेमासारखा समोर उभा. मग चार नट घेऊन हीच मालिका का केली नाही?

आमचं म्हणणं असं आहे, की नट घेतले असते तर मालिका खोटी झाली असती.

जरा सावकाश सांगतो. समजा एखादा चांगला शहरी नट टेक्सासच्या गॅसविक्याची भूमिका करतोय. तो हेल काढणार, पँट पोटावर चढवणार, पाय फाकवून चालणार. कितीही प्रामाणिक असला तरी त्याच्या अंगातून आपल्याला एक निरोप येत राहतो : मी असा नाही बरं का, मी अशा माणसाचं काम करतोय. गावच्या माणसाचा विनोद इथेच नासतो. आपल्याकडे हे आपण पाहिलेलं आहे. द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर कथाकथन करायचे तेव्हा रंगमंचावर काय असायचं? साध्या कपड्यातला एक माणूस आणि त्याचा आवाज. मिरासदारांच्या भोकरवाडीतले नाना चेंगट आणि बाबू पैलवान त्या आवाजात उभे राहायचे आणि लोक पोट धरून हसायचे. त्याच गोष्टी कोणी फेटे बांधून, मिशा चिकटवून करून दाखवल्या की पाच मिनिटांत आपण गावाला हसायला लागतो. हसणं तेवढंच येतं, पण ते दुसऱ्या जागेवरून आलेलं असतं. तिथे बसलेल्या गावच्या माणसाला विचारा, त्याला तो फरक लगेच कळतो.

रेषेने काढलेल्या हँकला स्वतःचं असं वेगळं आयुष्य नाही. तो चित्रीकरण संपल्यावर लॉस एंजेलिसच्या घरी जात नाही. त्याचा आवाज माईक जज यांचा, बूमहाऊरचाही त्यांचाच, पण पडद्यावर त्यांचा चेहरा कुठे नाही. बॉबीचा आवाज तर पॅमेला ॲडलॉन या बाईंचा; त्यासाठी त्यांना २००२मध्ये एमी पारितोषिक मिळालं. खरा मुलगा घेतला असता तर दोन वर्षांत त्याला मिसरूड फुटली असती. इथे तेरा पर्वांत बॉबी जेमतेम दोनेक वर्षांनी मोठा होतो. म्हणजे ॲनिमेशनची चमत्कार करण्याची ताकद या लोकांनी एकाच गोष्टीसाठी वापरली, काळ थोपवून धरण्यासाठी. बाकी चमत्कारांना रजा. आणि छोट्या गावाच्या विनोदाला हेच लागतं. तीच माणसं, त्याच जागी, त्याच खोडींसकट पुन्हा पुन्हा भेटली पाहिजेत. बिलचं रडगाणं पहिल्यांदा ऐकताना हसू येत नाही, चाळिसाव्यांदा येतं.

शेजारची गावं बघा म्हणजे हे जास्त कळेल. ‘सिम्पसन्स’चं स्प्रिंगफिल्ड कुठल्या राज्यात आहे हे मुद्दाम सांगितलेलं नाही. कथानकाला बंदर हवं असलं की बंदर निघतं, दरी हवी असली की दरी. ते गाव म्हणजे अख्ख्या अमेरिकेची गुंडाळी आहे. ‘साउथ पार्क’ त्याच वर्षी, १९९७च्या ऑगस्टमध्ये आलं. कोलोरॅडोतलं डोंगरातलं गाव, पण तिथे त्या आठवड्याची बातमी येऊन आपटते आणि गाव तिचं मैदान होतं. ‘ग्रॅव्हिटी फॉल्स’मध्ये ओरेगनच्या जंगलातून विचित्र गोष्टी निघतात, आणि सुट्टीत आलेली दोन भावंडं त्या शोधत जातात. या तिन्ही मालिका आम्हाला आवडतात. पण विक्षिप्तपणा म्हणून जो काही आहे, तो तिथे बाहेरून आणावा लागतो. आर्लनला तो आणावा लागत नाही. एक शाळा, एक मेथडिस्ट चर्च, लष्कराचा एक तळ, एक अवाढव्य मेगा लो मार्ट, एक प्रोपेनचं दुकान. एवढ्यावर गाव चालतं. कोण कुठे नोकरी करतं, कुणाच्या अंगणातलं गवत वाढलंय, हे सगळ्यांना माहीत. डॅनियल्स लेखकांना घेऊन टेक्सासच्या दौऱ्यावर जात, माणसं बघत, टिपणं काढत. ते कष्ट पडद्यावर दिसतात.

बूमहाऊरचंच घ्या. त्याचं बोलणं म्हणजे एकात एक अडकलेले शब्द, मधेच एखादा सुटा कळतो. प्रेक्षकाला काही उमगत नाही. पण बोळातल्या तिघांना सगळं कळतं, ते त्याला नीट उत्तरं देतात, एकदाही कोणी म्हणत नाही की, काय रे, पुन्हा सांग. हा विनोद कोणावर आहे? आमच्यावर, तुमच्यावर. परका आपण आहोत. गावाची भाषा आपल्याला येत नाही, आणि गावाला त्याचं काही वाटत नाही. हँक आणि बूमहाऊर यांच्यामधली ती सहजता आम्हाला या मालिकेतली सर्वांत नाजूक गोष्ट वाटते.

आता इथपर्यंत आम्ही फक्त कौतुक केलं. पण आतून सांगितलेल्या विनोदाचा एक धोका असतो. आतला माणूस आपल्या माणसांची बाजू घेतो. पहिल्याच भागात बघा. बेसबॉल लागून बॉबीचा डोळा काळानिळा होतो. त्याच सुमारास हँक दुकानात चिडून ओरडताना बायकांच्या नजरेला पडतो. गावात कुजबुज सुरू होते आणि लॉस एंजेलिसहून आलेला, काटकुळा, समाजकल्याण खात्याचा तरुण अधिकारी दारात येऊन उभा राहतो. त्याने हँककडे बघून मनात निकाल दिलेलाच आहे : टेक्सास, पिकअप ट्रक, रागीट आवाज, म्हणजे हा पोराला मारणारच. शहराच्या नजरेला चपराक म्हणून हा भाग छान जमलाय. पण त्या अधिकाऱ्याला इतका मूर्ख केलाय, की लढत बरोबरीची राहत नाही. डोळा काळा झालेल्या पोराच्या घरी कोणीतरी चौकशीला यावं, यात वाईट काय आहे? हा प्रश्न मालिका विचारत नाही. पुढेही अधूनमधून असं होतं. बाहेरून कोणी नवा विचार घेऊन आलं की तो माणूस ढोंगी तरी निघतो नाहीतर वेडपट, आणि हँक शेवटी बरोबर ठरतो. असले भाग आम्हाला गुळगुळीत वाटतात.

चांगले भाग ते, जिथे हँक बरोबर ठरला तरी त्याला त्याची किंमत मोजावी लागते, किंवा त्याला स्वतःच्या स्वभावाबाहेर पाऊल टाकावं लागतं. बिलची बायको लेनोर त्याला सोडून गेलीय. एका नाताळात बिलचं मन पार ढासळतं, मित्रांना त्याच्यावर पहारा ठेवावा लागतो. आणि मग तो तिचा झगा घालून, आपणच लेनोर आहोत असं समजून वावरायला लागतो. आता हँक कोण? ज्याला पुरुषाने रडलेलंही चालत नाही, मुलाच्या पाठीवर हात ठेवतानाही जो अवघडतो. तो काय करतो? तो स्वतः झगा घालून बिलसमोर येतो, मीच लेनोर आहे म्हणतो, आणि सांगतो की मी परत येणार नाही. बिलच्या मनात इतके दिवस साठलेलं बाहेर पडतं. लिहून काढलं तर हा प्रसंग हास्यास्पद वाटेल, आणि पडद्यावर तो हास्यास्पद आहेच. दोन जाडजूड पुरुष झगे घालून उभे आहेत. पण त्या क्षणी मैत्री म्हणजे काय ते दिसतं. आणि नटांनी केला असता तर तो झग्याचा विनोद झाला असता, असं आम्ही पैजेवर सांगू. रेषेच्या माणसाने झगा घातला तर आपल्याला आधी माणूस दिसतो.

मेगा लो मार्टची गोष्टही अशीच. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी, १९९८मध्ये, हे महादुकान स्वतःच प्रोपेन विकायला लागतं. स्ट्रिकलंडला कुलूप लागतं आणि हँकला, ज्याला गावात प्रोपेनमधला शेवटचा शब्द मानतात त्याला, त्याच मेगा लो मार्टमध्ये नोकरी धरावी लागते. तिथे टाक्या हाताळतोय कोण, तर बकली नावाचा एक आळशी पोरगा, ज्याला टाकी कशी उचलायची हेही ठाऊक नाही. टाकी नळीला धरून फरफटत नेतो. शेवटी गॅस साठतो आणि स्फोट होतो. स्वस्त दुकान आलं की लोकांना आनंद होतो. जाणकार दुकानदार गेला हे मात्र स्फोट झाल्यावर कळतं. हा धडा मालिका भाषण ठोकून देत नाही. पुढच्या पर्वात ती काय दाखवते, तर हँकला प्रोपेनचीच भीती बसते. ज्या गोष्टीवर आयुष्यभर श्रद्धा ठेवली तिच्यासमोर त्याचे हात थरथरतात. आम्हाला हे फार खरं वाटतं. धंदा बुडाल्याचं दुःख सांगणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत, हातातलं कसब दगा देईल या भीतीच्या फार कमी.

आता ज्याच्यासाठी आम्ही हा विषय घेतला, त्या गोष्टीकडे येतो. डेल, त्याची बायको नॅन्सी, आणि जॉन रेडकॉर्न.

डेलला सरकारचा संशय, संयुक्त राष्ट्रांचा संशय, उपग्रहांचा संशय. प्रत्येक घटनेमागे कट आहे यावर त्याचा गाढ विश्वास. आणि त्याच्या स्वतःच्या घरात चौदा वर्षं नॅन्सीचं जॉन रेडकॉर्नशी प्रकरण चाललंय. रेडकॉर्न अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी. नॅन्सीच्या डोकेदुखीवर मालिश करायला म्हणून येतो, राजरोस खिडकीतून जातो. मुलगा जोसेफ हुबेहूब त्याच्यासारखा दिसतो. अख्ख्या बोळाला माहीत आहे. डेलला माहीत नाही. जगात सगळीकडे कट दिसणाऱ्या माणसाला घरातला एकमेव खरा कट दिसत नाही, हा विनोद झाला. कोणीही लेखक इथे थांबला असता.

पण जरा बाकीच्या तिघांकडे बघा. हँक, बिल, बूमहाऊर रोज डेलशेजारी उभे राहतात. एकानेही त्याला सांगितलेलं नाही. का? भित्रेपणा म्हणावा, की दया? गावाची दया कशी असते हे ज्याला माहीत आहे तो चटकन उत्तर देणार नाही. सांगितलं असतं तर डेलचा संसार मोडला असता, जोसेफचा बाप गेला असता. डेल बाप म्हणून चांगला आहे, जोसेफवर त्याचा जीव आहे. न सांगता सगळ्यांनी मिळून एक खोटं जपलं, आणि त्या खोट्याच्या आडोशाला एक मूल सुखात वाढलं. आता हेच उलटं करून बघा : चार मित्र रोज एका माणसाला मूर्ख ठरू देतात आणि गप्प बिअर पितात. दोन्ही खरं आहे. शहरात हे शक्य नाही, तिथे कोणाला काही माहीतच नसतं. हे ओझं गावाचंच. सगळ्यांना सगळं माहीत असणं आणि कोणीच न बोलणं.

आणि मग २०००च्या सुमारास येणारा एक भाग, ज्यात रेडकॉर्नच्या लोकांच्या जमिनीचा सरकारशी वाद चाललेला असतो. त्याला मदत कोण करतो? डेल. सरकारशी भांडायचं म्हटल्यावर तो हौसेने कागदपत्रं कशी मागवायची ते सांगतो, दोस्ती करतो. ज्याच्या घरात आपण चौदा वर्षं चोरून वावरलो तो माणूस आपल्या हक्कासाठी झटतोय, हे रेडकॉर्नला पेलत नाही. तो नॅन्सीपासून दूर होतो. नॅन्सी पुन्हा नवऱ्याच्या प्रेमात पडते. डेलला यातलं काहीही कळत नाही, कधीच कळत नाही. त्याला फक्त एवढंच वाटतं की आपल्याला एक मित्र मिळाला. हा भाग पाहताना हसू आलं की घसा दाटला हे ठरवायला वेळ लागतो. आमच्या मते सबंध मालिकेतला हा सर्वोत्तम भाग. १९९९चं एमी पारितोषिक मात्र दुसऱ्याच भागाला मिळालं होतं, ज्यात प्रेमभंग झालेला बॉबी त्या शाकाहारी मुलीसमोर बसून दोन किलोंचं स्टेक संपवतो. तोही झकास आहे, तक्रार नाही.

रेडकॉर्नच्या पात्राबद्दल मात्र तक्रार आहे. लांब केस, उघडी छाती, दुसऱ्याच्या बायकोला मोह पाडणारा मूळ रहिवासी, हा साचा जुना आहे, आणि मालिकेने तो आधी हसण्यापुरता वापरला. जमिनीचा वाद आल्यावर त्या साच्याला माणूस मिळाला. त्याचा आवाज बराच काळ जोनाथन जॉस यांनी दिला. ते टेक्सासचेच. त्यांच्या बोलण्यात एक थकवा होता, त्याने ते पात्र कागदावर होतं त्यापेक्षा मोठं केलं.

कान सुपानुसिनफोनबद्दल याच्या उलट. तो लाओसहून आलेला नवा शेजारी. पहिल्या पर्वातच त्याला हँक आणि मित्र विचारतात, तू चिनी की जपानी? तो लाओस म्हणजे कुठे, लोकसंख्या किती, सगळं समजावून सांगतो. सगळे ऐकतात, विचार करतात आणि पुन्हा तोच प्रश्न विचारतात. हसं यजमानांचं होतं. एवढ्यावर मालिका थांबली असती तर ती सज्जन झाली असती, पण फिकी. तिने कानलाही सोडलं नाही. तो आढ्यतेखोर आहे, शेजाऱ्यांना अडाणी समजतो, बढाया मारतो. म्हणजे त्याला गावात घेतलं, बाकीच्यांसारखं. आणि मालिकेत एका ठिकाणी त्याला लाओसचा म्हणून क्षणात ओळखतो कोण, तर हँकचा बाप कॉटन, दुसऱ्या महायुद्धात पायाच्या नडग्या गमावलेला, सगळ्या जगाचा द्वेष करणारा म्हातारा. द्वेष करणाऱ्याला माणूस बरोबर ओळखता यावा आणि भल्या माणसांना येऊ नये. यावर विचार करावा. पण हेही सांगायला हवं, की कानचा आवाज तेव्हा टोबी हस या गोऱ्या नटाने काढला होता. वर आम्ही म्हणालो की रेषेमागे नट दिसत नाही. दिसत नाही म्हणून हिशेब सुटत नाही. दुसऱ्या समाजाचा हेल आवाजात काढला की नक्कल तिथेही शिरते, आणि कानच्या बाबतीत ती कानाला खुपते.

उत्तरार्धाबद्दल थोडक्यात. शेवटच्या तीनचार पर्वांत बोळ थकला. पेगीचा फाजील आत्मविश्वास आधी तिच्या धडपडीतून यायचा. वर्षानुवर्षं कायम नोकरी न मिळालेली बाई स्वतःला मोठं म्हणवून तग धरते, असं ते होतं. नंतर नुसता हेकटपणा उरला. लुआन तर सुरुवातीला गाड्या दुरुस्त करणारी, आईबापांच्या भांडणातून सुटून आलेली मुलगी होती. तिला पुढे बावळट करून टाकलं. काळ थांबवला की हे व्हायचंच. माणसं वाढत नाहीत, मग त्यांच्या खोडी वाढतात.

म्हणूनच ऑगस्ट २०२५मध्ये हुलूवर दहा भागांचं नवं पर्व आलं तेव्हा आम्ही धास्तावून पाहायला बसलो. जुनी माणसं परत आणायची म्हणजे बहुधा जुनेच विनोद शिळे करून वाढायचे. इथे वेगळं घडलं. काळ सोडून दिला. हँक आणि पेगी सौदी अरेबियात प्रोपेनचीच नोकरी करून परत आलेत, केस पिकलेत. बॉबी एकवीस वर्षांचा, डॅलसमध्ये शेफ, जपानी आणि जर्मन पदार्थांची मिसळण करणारं उपाहारगृह चालवतो. बिल कोविडपासून घराबाहेरच पडलेला नाही. हँकला आपलं गाव ओळखू येत नाही आणि त्याहून त्रास याचा की गावाला त्याचं काही अडलेलं नाही. कानचा आवाज आता रॉनी चेंग यांचा. टोबी हस कानला सोडून डेलकडे आलेत, कारण डेलचे मूळ आवाज जॉनी हार्डविक २०२३मध्ये गेले. त्यांनी काही काम आधीच करून ठेवलं होतं, ते वापरलंय. जॉस यांनीही रेडकॉर्नचं रेकॉर्डिंग केलं होतं. पर्व यायच्या दोन महिने आधी गोळीबारात त्यांचा मृत्यू झाला.

आणि डेल. १९९७मध्ये कटांची गोष्ट सांगणारा डेल बोळातला एक वेडा होता. त्याचं ऐकून बाकीचे बिअरचा घोट घ्यायचे, विषय संपायचा. आज त्याच्यासारख्यांच्या हातात फोन आहे आणि त्यांना ऐकणारी माणसं बोळात मावत नाहीत. मग त्याच्यावर हसायचं कसं? नव्या पर्वाला याचं पूर्ण उत्तर सापडलंय असं आम्हाला वाटत नाही. अजून तो हसवतो, पण पूर्वीच्या निर्धास्तपणे नाही. बाकीचे तिघे मात्र त्याला सोडून गेलेले नाहीत. हँक अजूनही त्याच्याशेजारी उभा असतो, त्याचं ऐकतो, मान हलवतो, आणि विषय गवत कापायच्या मशीनवर आणतो.

वेळ होत आली. समोरच्या ताईंनी मघापासून हात वर केलाय, आधी त्यांचा प्रश्न घेऊ.